पोटावरचा नमुना

घासूनानांचं खरं नाव फर्निचर कारखान्याच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. एकतीस वर्षं पॉलिशकाम केलेल्या या माणसाला सुतारापासून मालकापर्यंत सगळे घासूनानाच म्हणत. नावात चेष्टा होती, पण मान जास्त होता. इतर पॉलिशवाले टेबलाच्या फळीला तीन नंबरांचे घासायचे कागद मारत. नाना पाच मारत. ऐंशी, एकशेवीस, एकशेऐंशी, दोनशेवीस, शेवटी चारशे. मग ओलं फडकं फिरवून फळी वाळू देत, उभे राहिलेले तंतू पुन्हा चारशेने बसवत, त्यावर स्पिरिटचा बोळा. तेव्हा कुठे पहिला हात. पॉलिशच्या थराला तिथे हात म्हणत, आणि नानांचे हात सात असत.

"घासल्याशिवाय धरत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पापुद्रे सुटलेलं एखादं कपाट दुरुस्तीला आलं की ते नखाने एक पापुद्रा उचलत, त्याची मागची बाजू बघत आणि म्हणत, "या गड्यानं घासायचा कंटाळा केलाय." गडी कोण, कुठला, त्यांना ठाऊक नसे. आळस मात्र ओळखू येई.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत त्यांनी घरातलं लाकडाचं जे जे होतं ते घासून काढलं. दरवाजे झाले, खिडक्या झाल्या, शेजाऱ्यांचं स्टूलसुद्धा सुटलं नाही. बायको म्हणाली, "आता या घरात न घासलेली मी एकटीच उरले."

बायको बस स्टँडवर गाड्या पुकारायची. चौकशीच्या खिडकीमागे काचेची केबिन, त्यात एक खुर्ची, एक माईक आणि वेळापत्रकाचा तक्ता. आठ तासांची पाळी. 'गाडी क्रमांक चौदा फलाट तीनवर लागत आहे,' हे वाक्य चोवीस वर्षांत तिच्या तोंडून किती वेळा गेलं असेल, देव जाणे. चेहऱ्यावरून तिला फार थोडे लोक ओळखत. दुकानात तिने साबण मागितला की मात्र माना वळत. ड्रायव्हर, हमाल, चहावाला, सगळ्यांची ती आवाजबाई.

छप्पन्नाव्या वर्षी तिचं मोठं आतडं काढावं लागलं. बरीच वर्षं त्यात जखमा होत होत्या; शेवटी औषधांनी हात टेकले. डॉक्टरांनी लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढून शिवलं. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं जाड, ओठाच्या आतल्या बाजूसारखं लाल आणि ओलं. त्याला स्टोमा म्हणतात. जे खाली जायचं ते आता तिथून, दिवसभर थोडं थोडं, पिशवीत. कायमचं.

पिशवीचं तंत्र साधं आहे. एक चिकट चकती, तिला मध्ये भोक. भोकातून स्टोमा बाहेर, चकती भोवतालच्या कातडीला चिकटलेली, चकतीवर पिशवी. सगळा भार त्या तळहाताएवढ्या कातडीवर. ती धड तर चकती धड. चकती धड तर माणूस घराबाहेर.

दवाखान्यातून सोडताना चकती कशी लावायची ते एकदा दाखवलं होतं. घाईत दाखवलं, पण नानांनी डोळ्यांत तेल घालून बघितलं. पृष्ठभाग साफ करायचा, कोरडा करायचा, वर चिकटवायचं. ते बायकोला म्हणाले, "हे तर माझंच काम आहे. तू फक्त पडून राहा."

घासायला काही न उरलेल्या हातांना काम मिळालं होतं.

रोज सकाळी साडेसहाला, चहाच्या आधी. पलंगावर प्लास्टिक, त्यावर जुनी चादर. गरम पाण्याचं भांडं, टॉवेल, कात्री, कचऱ्याची पिशवी, सगळं डावीकडून उजवीकडे वापराच्या क्रमाने. भोक कापायचं काम बायकोचं. दवाखान्याने पुठ्ठ्याचा साचा दिला होता. तो ठेवून ती नखं कापायच्या कात्रीने गोल कापायची. हात शिवणकामाचा, गोल अगदी गोल. बाकी सगळं नानांचं. जुनी चकती रोज काढायची, कारण जुन्या थरावर नवा थर नानांनी आयुष्यात चढवला नव्हता. कातडीवर उरलेला चिकटा स्पिरिटच्या बोळ्याने साफ. मग खरखरीत टॉवेलने घासायचं, चारी दिशांनी, जागा लाल होईपर्यंत. जागेला धार, म्हणजे वरचं धरायला खरखर, आली की चकती. चाळीस मिनिटं लागत. एकदाही त्यांनी पस्तीसमध्ये उरकलं नाही.

पहिली चकती दोन दिवस टिकली असती, पण ती त्यांनी एका दिवसातच काढली. तिसऱ्या आठवड्यात चकती संध्याकाळीच सुटायला लागली. पाचव्या आठवड्यात दुपारी. कडेने पाणी झिरपायचं आणि ते पाणी साधं नसतं. अन्न पचवणारं पाणी कातडीलाही पचवायला बघतं. जागा लाल, मग ओली, मग सोललेली.

नानांचं निदान तयार होतं. "धरत नाही, म्हणजे घासायचं कमी पडतंय."

त्यांनी टॉवेल बदलला. आणखी खरखरीत घेतला. स्पिरिटचा बोळा दोनदा फिरवला. बायको पलंगाची कड धरून छताकडे बघत राहायची.

"लागतंय का?"

"लागणारच. चालू द्या तुमचं."

सहाव्या आठवड्यात स्टँडवरून कंट्रोलरचा फोन आला. कंट्रोलर म्हणजे गाड्या सोडणारा साहेब, तिच्या शेजारच्या खोलीत बसणारा. माणूस भला, पण आडपडदा ठेवून बोलणं त्याला जमायचं नाही.

"आवाजबाई, रजा एक तारखेला संपते. येताय ना?"

"येते की."

"तसं नाही. वरून पत्र आलंय. एक तारखेला खुर्ची रिकामी असली तर रेकॉर्डिंगचं मशीन बसवणार. एकदा बसलं की उठत नाही ते. खुर्ची मी तोपर्यंत धरून ठेवतो, पुढचं माझ्या हातात नाही."

एक तारखेला वीस दिवस होते. दुसऱ्या दिवशी तिने घरातच रंगीत तालीम करायची ठरवली. सकाळी नऊला जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत बसली, समोर घड्याळ ठेवलं. आठ तास काढायचे. नानांनी त्या दिवशी जागा आधीपेक्षा दुप्पट घासली होती. अकराला पाच मिनिटं असताना ती उठली आणि न्हाणीघरात गेली. खुर्चीची गादी नानांनी धुतली. दोन तास सुद्धा नाही. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "रिक्षा बोलवा. दवाखान्यात जाऊ."

स्टोमाच्या रुग्णांसाठी दवाखान्यात वेगळी खोली होती आणि त्या खोलीत एक सिस्टर होती. जाडजूड, चष्मा कपाळावर, बोलणं तोलून मापून. तिने चकतीची एक कड सोडवली, एका हाताने कातडी खाली दाबत दुसऱ्या हाताने चकती हळूहळू गुंडाळल्यासारखी उचलली. मग चष्मा नाकावर आणला.

"हे कुणी घासलंय?"

"मी," नाना म्हणाले. आवाजात थोडा अभिमानच होता.

"कशानं?"

"टॉवेलनं. आधी स्पिरिट."

"रोज?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

सिस्टरने त्यांच्या हातांकडे बघितलं. नखांच्या कडांना एकतीस वर्षांचा तपकिरी रंग होता. "काय काम करता?"

"पॉलिश. लाकडाचं."

"तरीच."

तिने एक पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. त्यावर वेगवेगळ्या मापांची गोल भोकं होती. एकेक भोक स्टोमावर धरून बघितलं आणि मग बायकोचा साचा शेजारी ठेवला. साचा पस्तीस मिलिमीटरचा होता. स्टोमा आता सव्वीसचा.

"सूज उतरली की हा बारीक होतो. पहिले दोन महिने दर आठवड्याला मापायचा. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं, बस. तुमचं भोक एवढं मोठं, की मधली कातडी उघडीच. दिवसभर भिजणार."

"म्हणजे ही चूक माझी," बायको म्हणाली.

"कातडी उघडी तुम्ही ठेवली, सोलली यांनी. जोडा छान जुळलाय."

बायकोला हसू आलं. नानांना आलं नाही.

"सिस्टर, एक विचारू? गुळगुळीत जागेवर काही धरत नाही. जागेला थोडी धार नको का?"

"नाना, लाकूड कापून आणलेलं असतं. ते मेलेलं. ही जिवंत आहे. खरचटली की पाणी सोडते. ओल्या फळीवर पॉलिश मारता का?"

"नाही."

"मग?"

नानांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे. दवाखान्यात वाद घालायचा नसतो म्हणून.

सिस्टरने काम करून दाखवलं आणि करता करता सांगितलं. कोमट पाणी आणि मऊ कापड. स्पिरिट नाही, तेल नाही, क्रीम नाही, सुगंधी साबण नाही. पुसायचं म्हणजे टिपायचं. सोललेल्या जागी चिमूटभर पूड भुरभुरायची, जास्तीची झटकायची, कारण पूड जास्त झाली तर चकती तिलाच चिकटते, कातडीला नाही. वर एका पातळ द्रवाचा बोळा टेकवायचा, तो वाळला की पारदर्शक पापुद्रा होतो. वाळू द्यायचं. मग पुन्हा पूड, पुन्हा बोळा, पुन्हा वाळू द्यायचं. मग चकती, आणि चकतीवर दोन मिनिटं तळहात. हाताच्या उबेने ती बसते.

"आता तीन दिवस हात लावायचा नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, चकतीला धक्का नाही. पण आतून जळलं किंवा खाजलं, तर मात्र तीन दिवस मोजत बसायचं नाही. लगेच उघडायची. आणि आठवड्याभरात जागा सुधारली नाही तर माझ्याकडे यायचं, घरी प्रयोग नकोत."

निघताना तिने तीन जुन्या चकत्या बायकोला दिल्या. "तारीख उलटलेल्या आहेत. कापायचा सराव करा यांच्यावर."

रिक्षात बसल्यावर बायको म्हणाली, "आजपासून माझ्या पोटाला तुमचा हात नको. माझं मी करीन."

"माझ्यावर भरवसा नाही?"

"भरवसा होता म्हणूनच सहा आठवडे दात आवळून पडले."

नाना बाहेर बघत राहिले.

कारखान्यात एक रीत होती. गिऱ्हाईक रंगावर अडून बसलं की नाना वाद घालत नसत. त्याच लाकडाची हातभर फळी घेत, मध्ये रेघ मारत, एका बाजूला आपलं म्हणणं, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाचं. चार दिवस वाळू देत. तोवर अवाक्षर नाही. 'नमुना वाळल्याशिवाय बोलायचं नाही,' असा त्यांचा दंडक. पाचव्या दिवशी फळी उजेडात धरत. तीन-चार वेळा गिऱ्हाईक बरोबर निघालं होतं. नानांनी तेही मुकाट मान्य करून तसं काम दिलं होतं.

सकाळी ते न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि पोटावरचे केस वस्तऱ्याने काढले. बेंबीच्या वर मध्यभागी बॉलपेनने उभी रेघ मारली. एका जुन्या चकतीचे सहा तुकडे केले, सगळे सारखे. डावीकडे आपली पद्धत, स्पिरिट, टॉवेल चारी दिशांनी, मग तुकडा. उजवीकडे सिस्टरची, कोमट पाणी, टिपणं, तुकडा, दोन मिनिटं हात. डावा तुकडा रोज सकाळी ओढून काढायचा आणि नवा लावायचा. उजव्याला चार दिवस हात लावायचा नाही.

दुसऱ्या सकाळी डावीकडचा दुसरा तुकडा लावताना स्पिरिट टेकलं आणि नानांच्या तोंडून आवाज निघाला.

"काय झालं?" बाहेरून बायको.

"काही नाही. साबण डोळ्यात गेला."

तिसऱ्या दिवशी कारखान्यातला मिस्त्री गप्पा मारायला आला. सुतारकामातला जुना जोडीदार. दोघांनी एका ताटात जेवून वीस वर्षं भांडणं केलेली. नाना बोलता बोलता सदऱ्यावरून पोटाची डावी बाजू खाजवत होते.

"काय रे घाश्या, वाळवी लागली का?"

"गप बस."

"अहो वहिनी, याला एकदा उन्हात उभा करा. आत पोखरलाय."

बायकोने नानांकडे बघितलं. मिस्त्री गेल्यावर तिने सरळ सदरा वर केला. रेघ दिसली, दोन तुकडे दिसले. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय?"

"नमुना."

"कसला नमुना?"

"वाळायचाय अजून. परवा सांगतो."

"वेडे आहात का हो तुम्ही?" ती म्हणाली, पण सदरा तिने अलगद खाली केला.

त्याच दिवशी तिची चकती बदलायची होती. तिने दार लावून घेतलं. नाना दाराबाहेर स्टुलावर बसले. आतून पाण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. एकदा ती पुटपुटली, "अगं बाई, पूड जास्त झाली." नाना उठले, पुन्हा बसले. तिची ती चकती सव्वादोन दिवस टिकली. पूर्वीच्या मानाने चांगलंच, पण पाळीवर जायला अपुरं.

पाचव्या सकाळी नानांनी दोन्ही तुकडे काढले. डावीकडचा ओढला, उजवीकडचा सिस्टरसारखा कातडी दाबत उचलला. मग खिडकीशी उजेडात उभे राहिले आणि हाक मारली, "चष्मा घेऊन ये."

बायको आली. रेघेच्या डावीकडे रुपयाएवढी लालभडक जागा, मध्ये ओली, कडेला पापुद्रे. उजवीकडे चौकोनी पांढुरका ठसा, बाकी कातडी जशीच्या तशी. बोटाने चाचपलं तरी कळलं नसतं की इथे काही होतं.

"डावीकडे किती नंबरचा कागद मारला?"

"टॉवेल. तुझाच."

"आणि इकडे?"

"नुसतं पाणी. आणि चार दिवस गप्प बसणं."

"मग गिऱ्हाईकसाहेब, पसंत कुठला?"

"उजवा." नानांनी सदरा खाली सोडला. डाव्या बाजूला कापड टेकलं तसे ते जरा वाकले. "माझं चार दिवसांत हे झालं. वर तुझं ते पाणीही नाही माझ्यावर. तुझं मी सहा आठवडे केलं."

तिने त्यांचा सदरा पुन्हा वर करून ती जागा बघितली.

"मला सांगायचंस की."

"काय सांगायचं? लागतंय म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, घासायचं कमी पडलं."

हे खोटं नव्हतं, हे नानांनाही ठाऊक होतं. ती म्हणाली, "त्याला पूड लावा. माझ्या डबीतली घ्या. चिमूटभरच."

पुढच्या खेपेला तिने दार उघडं ठेवलं. मापायचं आणि कापायचं काम तिचंच राहिलं. चकती काढायची तीही तीच. पूड, बोळा आणि वाळू देणं एवढं तिने नानांना दिलं. पूड बसत नाही, सारखी जास्त होते, असं तिचं म्हणणं.

नानांनी पूड दोन बोटांत धरली आणि वरून एकदा झटकली. कोरड्या कापसाने जास्तीची काढली. बोळा टेकवला, फिरवला नाही. मग घड्याळ बघत बसले. पातळ हात आणि वाळू देणं, यात त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. साठ सेकंद झाले की बायको म्हणे, "वाळलं." नाना मान तिरकी करून उजेडात बघत आणि म्हणत, "कडेला चमक आहे अजून." खरंच असायची. घासण्याची सवय काढायला मात्र त्रास पडला. टिपायचं कापड हातात आलं की मनगट आपोआप फिरायला बघे. शेवटी ते कापड डाव्या हातात धरायला लागले. डाव्या हाताला काही येत नव्हतं, म्हणून तो फक्त टिपायचा.

ती चकती तीन दिवस टिकायची होती. दुसऱ्या दुपारी जेवताना बायकोने चमचा खाली ठेवला.

"जळतंय."

नाना म्हणणार होते की अजून एक दिवस आहे. शब्द ओठांवर आला होता. त्यांनी ताट बाजूला केलं, हात धुतले आणि पलंगावर प्लास्टिक अंथरलं. उघडून बघितलं तर खालच्या कडेने, बसलं की वळी पडते तिथे, बोटाच्या नखाएवढं पाणी शिरलं होतं. आणखी सहा तास ठेवली असती तर आठवड्याची कमाई गेली असती. सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, वळी पडते तिथे चकतीखाली खाच राहत असेल, तिथे आमच्याकडची लवचीक पट्टी भरा, आणि लावताना बाईंना झोपवू नका, बसवून बघा. पट्टी आणली. बसवून बघितलं. त्यानंतरची चकती तीन दिवस पुरी टिकली. तिच्या नंतरचीही.

सोललेली जागा आधी कोरडी झाली, मग गुलाबी, मग कडांकडून पोटाच्या रंगाची होत आत सरकली. नानांच्या पोटावरची आधीच बरी झाली होती. तिच्यावर चकतीही नव्हती आणि पाणीही.

एक तारखेच्या आदल्या सकाळी चकती बदलली. सव्वीसचा स्टोमा, अठ्ठावीसचं भोक. पूड लावायला जागाच उरली नव्हती.

"तुम्ही स्टँडवर यायचं नाही," बायकोने बजावलं.

"नाही येत."

"माझ्या पर्समध्ये दुसरी चकती आहे, कापलेली. कपड्यांचा जोड आहे. कंट्रोलरना सांगितलंय, मी दर दोन तासांनी पाच मिनिटं उठणार."

"आणि माईकवर पोट बोललं तर?"

"तर म्हणेन, गाडी सुटली."

सकाळी नऊला ती पाळीवर गेली. साडेनऊला नाना स्टँडवर होते, फलाट पाचच्या मागच्या बाकावर, जिथून केबिन दिसत नाही पण कर्णा नीट ऐकू येतो. मांडीवर रेक्झिनची थैली. तीत जुनी चादर, कापड, पाण्याची बाटली, पूड, पट्टी, दोन चकत्या. सगळं वापराच्या क्रमाने.

"गाडी क्रमांक चौदा फलाट तीनवर लागत आहे."

दोन महिन्यांनी तो आवाज आला तसा शेजारच्या फलाटावरचा हमाल ओझं डोक्यावर असतानाच थांबला. "आवाजबाई आल्या वाटतं," कुणाला तरी म्हणाला आणि पुढे गेला.

अकरा वाजत आले. घरी ती खुर्चीतून उठली होती ती ही वेळ. अकराला पाच मिनिटं असताना सात नंबरची गाडी पुकारली गेली. अकरा दहाला बावीसची. नानांनी चहा घेतला. एक वाजता आवाज पाच मिनिटं बंद झाला आणि मग परत आला. तीनला पुन्हा तसंच.

पावणेचारला एकतीसची गाडी फलाट दोनवर येऊन उभी राहिली आणि कुणी पुकारली नाही. लोक इकडेतिकडे बघायला लागले. पाच मिनिटं गेली. सात गेली. मग कर्णा खरखरला आणि कंट्रोलरचा घोगरा आवाज आला, "एकतीस दोनला लागली आहे. बसून घ्या."

नाना थैली घेऊन उठले. एकसष्टाव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढे धावले. चौकशीच्या खिडकीमागे बोळ होता, बोळाच्या टोकाला बायकांचं न्हाणीघर. ते तिथे पोचले तेव्हा ती रुमालाला हात पुसत बाहेर येत होती.

"सुटली?" नाना म्हणाले.

"काय सुटली?"

"चकती."

"नाही हो. पिशवी लवकर भरली, ती रिकामी केली. नळाला पाणी नव्हतं, हमाल बादली आणेपर्यंत थांबले." तिने थैलीकडे बघितलं. "केव्हापासून बसलाय?"

"आत्ताच आलो."

"फलाट पाचच्या मागे बसलात. चहावाल्यानं दहालाच सांगितलं." ती केबिनकडे वळली. दारात थांबून म्हणाली, "जेवलात का?"

"नाही."

"मग जा, खा काहीतरी. मला एकवीस पुकारायची आहे."

तिने पाच वाजेपर्यंत पुकारलं. नाना बाकावर बसून राहिले, पण थैली त्यांनी मांडीवरून खाली ठेवली.

ती चकती पूर्ण तीन दिवस राहिली. चौथ्या सकाळी साडेसहाला बायकोने ती स्वतः सोडवली, कातडी दाबत, गुंडाळत. नानांनी खिडकी उघडली, उजेड येऊ दिला आणि पोटाशी वाकून तिरकं बघितलं, फळीकडे बघत तसं. खाली लाल नव्हतं, ओलं नव्हतं. चकतीचा ठसा होता, तोही बघता बघता पुसट झाला. उरलेल्या पोटात आणि त्या जागेत फरक सांगता आला नसता.

"काय म्हणतो पृष्ठभाग?"

"काही करायचं नाही यावर," नाना म्हणाले.

डाव्या हाताने त्यांनी पाणी टिपलं. तिने नवी चकती बसवली. मग नानांनी उजवा तळहात चकतीवर ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. तिला नऊच्या आधी पोचायचं होतं. दोन मिनिटं झाली तशी ती केबिनमधल्या आवाजात म्हणाली,

"घासूनानांचा हात आता सुटत आहे. कृपया मागे सरकावे."

"गाडी लेट आहे," नाना म्हणाले आणि हात तिथेच ठेवला.